सावलीचे बारा आणि घड्याळाचे बारा

अमरावती जिल्ह्यातील चांदूर बाजार येथे एखाद्या अंगणात सरळ काठी रोवावी आणि तिची सावली पाहात बसावे. सावली आखडत आखडत सर्वांत लहान होते, तोच त्या गावचा खरा मध्यान्ह. त्या वेळी घड्याळात मात्र बारा वाजून गेलेले असतात. वर्षाची सरासरी काढल्यास सुमारे १९ मिनिटे. घड्याळ बिघडलेले नसते आणि सूर्यासही उशीर झालेला नसतो. मग हा फरक आला कोठून?

पूर्वी हा प्रश्नच उद्भवत नसे. ज्या त्या गावचा मध्यान्ह, ती त्या गावची दुपार. अहोरात्राचे प्रहर आठ आणि घटका साठ. एक घटका २४ मिनिटांची. लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी पाण्याने भरलेल्या घंगाळात, तळाशी बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी सोडीत. ती भरून बुडाली की एक घटका झाली. ‘घटका भरली’ असे आजही म्हणतात, तेव्हा ती जुनी वाटीच पुन्हा बुडत असते!

एवढ्या कालमापनावर वऱ्हाडचा मोठा व्यापारही सुखाने चाले. अमरावतीचा कापूस बैलांच्या पाठीवरून शेकडो मैल दूर, गंगाकाठच्या मिर्झापुरास जाई आणि तेथून जलमार्गाने कलकत्त्यास. १८४२ साली एकाच व्यापाऱ्याने एक लाख बैलांचा माल या वाटेने धाडला, असे सांगतात. मिर्झापूरचा मध्यान्ह अमरावतीच्या १९ मिनिटे आधी होतो, याची ना व्यापाऱ्यास फिकीर, ना बैलास!

१८६७ साली मुंबईचा लोहमार्ग अकोला, बडनेरा ओलांडून नागपुरास पोचला आणि मिनिटांना मोल आले. एकाच रुळावरून समोरासमोर गाड्या सोडावयाच्या, तर दोन्ही स्थानकांची घड्याळे जुळलीच पाहिजेत. एरवी अपघात ठरलेला. म्हणून रेल्वेने पुढे सर्वत्र मद्रासची वेळ धरली. १ जानेवारी १९०६ पासून ८२½ अंश पूर्व रेखावृत्तावरील वेळ ही देशाची प्रमाणवेळ झाली. ती ग्रीनिचच्या वेळेपुढे ५ तास ३० मिनिटे आहे.

मुंबईस हा बदल रुचला नाही. तिची स्वतःची वेळ ३९ मिनिटे मागे होती. त्याच जानेवारीत तेथील एका गिरणीच्या कामगारांनी काम बंद ठेवले. त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्याजोगे नव्हते. घड्याळाचा काटा पुढे सरकविणे सोपे. पण त्या काट्याबरोबर ३९ मिनिटे आधी, अंधारात उठावयाचे होते ते त्यांना. शहरात मुंबईची वेळ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे टिकून राहिली.

प्रमाणवेळेचे ते रेखावृत्त मिर्झापूरजवळूनच जाते. वऱ्हाडचा कापूस ज्या गावाकडे बैलांच्या पावलांनी जाई, त्याच्याच मध्यान्हावर आज चांदूर बाजारच्या शाळेची घंटा वाजते. अंगणातील काठीची सावली तेवढी आपल्या जुन्या वेळेनेच आखडते.