पहिल्याच कॉलला फोन उचलायचा कोणी?

शास्त्रपाठ : निर्गम १८:१३-२६



गेल्या उन्हाळ्यातील एका रविवारी मी उपासनेत होतो. फोनचा आवाज बंद करून तो खिशात ठेवला होता. बाहेर येऊन पाहतो तर एकाच अनोळखी नंबरवरून तीन कॉल येऊन गेलेले. उलट फोन लावला. पलीकडून एक गृहस्थ म्हणाले, "साहेब, रस्त्यात एका कातकरी बाईनं माझा फोन मागितला होता. कडेवर पोर होतं, रडत होती. तुमचं कार्ड होतं तिच्याकडं. मी आता टेंभुर्णीला पोचलोय."

त्यांनी सांगितलेल्या खुणेवर आम्ही भिगवणजवळ उजनीच्या पाण्याच्या कडेला गेलो. पाल उठलेले होते. तीन दगडांची चूल आणि थंड राख तेवढी उरली होती. ती बहीण कोण होती, तिला काय सांगायचे होते, हे मला आजही ठाऊक नाही.

भिगवणची मासळी दूरवर जाते, पण ती धरणारे हात फारसे कोणी पाहत नाही. कातकरी कुटुंबे उचल घेऊन पाण्यावर कामाला येतात आणि काठाला पालात राहतात. महाराष्ट्रातील ज्या तीन जमाती विशेष असुरक्षित आदिवासी गट मानल्या आहेत, त्यांपैकी कातकरी ही एक. दुसऱ्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी बंद झाली आणि तिच्यापोटी असलेले कर्जही रद्द ठरले. उचल फिटली नाही म्हणून कोणालाही डांबून ठेवता येत नाही. पण हे त्यांना सांगायचे, तर आधी त्यांचा फोन उचलावा लागतो.

मोशेची चूक, माझी चूक

मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्याय करायला बसे आणि लोक ताटकळत उभे राहत. सासरा इथ्रो याने ते पाहिले आणि स्पष्ट सांगितले की ही रीत बरी नव्हे. तूही थकशील आणि लोकही थकतील. त्याने हजार, शंभर, पन्नास आणि दहा माणसांवर नायक नेमायला सांगितले. मोशेने सासऱ्याचे ऐकले.

आमच्या सर्व कार्डांवर माझा एकट्याचा नंबर होता. त्याला मी समर्पण समजत होतो. खरे तर त्या बहिणीची मदत माझ्या एका खिशात अडकून पडली होती.

व्हर्च्युअल नंबर म्हणजे काय?

हा नंबर कोणाच्या मोबाइलमधील सिमकार्डावर नसतो. तो कंपनीच्या संगणकयंत्रणेवर असतो आणि इंटरनेटवरून चालवता येतो. त्यावर आलेला कॉल आपण ठरवू त्या मोबाइलवर जातो. पहिल्याने उचलला नाही तर दुसऱ्याकडे वळतो, किंवा सगळे फोन एकदम वाजतात. कोणता कॉल कधी आला आणि कोणी उचलला, याची नोंद राहते. फोन करणाऱ्याला साधा कॉल करायचा असतो. त्याला इंटरनेट लागत नाही.

साध्या फोनची ताकद आदिवासी भागात पूर्वीच दिसली आहे. छत्तीसगडमध्ये २०१० साली सुरू झालेल्या 'सीजीनेट स्वरा'वर गावकरी फोन करून आपले गाऱ्हाणे स्वतःच्या आवाजात नोंदवतात आणि इतरांना ते फोनवरच ऐकता येते. मिस्ड कॉल दिला की यंत्रणा उलट फोन करते, त्यामुळे पैसेही लागत नाहीत. मात्र त्यासाठी फोन आपल्या हातात राहायला हवा. मागून घेतलेल्या फोनवर उलट कॉल कोणाला लागणार? तिथे पहिला कॉल हाच शेवटचा असतो.

आम्ही काय केले

* स्वागताचे लांब निवेदन आणि 'एक दाबा, दोन दाबा' हे ठेवलेच नाही. कॉल येताच चार फोन एकदम वाजतात. त्यांपैकी एक फोन कातकरी बोली जाणणाऱ्या तरुणाकडे आहे.
* उपासनेच्या वेळी कोण बाहेर थांबणार, रात्री कोण जागे राहणार, याची पाळी लावली.
* फोन उचलणाऱ्याने पहिल्याच मिनिटात ठिकाण, जवळची खूण आणि फोन कोणाचा आहे हे विचारायचे.
* जुनी कार्डे लोकांकडे असल्यामुळे जुना नंबर बंद केला नाही. त्यावरचे कॉल नव्या नंबरकडे वळवले.
* परत फोन करताना संस्थेचाच नंबर दिसतो. त्यामुळे सेवा करणाऱ्या भगिनींचे खासगी नंबर बाहेर जात नाहीत.
* न सांगता कोणाचे बोलणे ध्वनिमुद्रित करायचे नाही. नोंदींचा पासवर्ड दोघांकडेच. ठेकेदाराच्या भीतीने कुजबुजत बोलणाऱ्या माणसाची नोंद ही त्याने आपल्याकडे ठेवलेली ठेव आहे.

आपल्या मंडळीला असा नंबर घ्यायचा असेल, तर संस्थेची कागदपत्रे तपासून नंबर देणाऱ्या परवानाधारक कंपनीकडूनच घ्या. कागदांशिवाय मिळणारे स्वस्त परदेशी नंबर टाळा. महिन्याचे भाडे आणि मिनिटांचा खर्च आधी लेखी विचारा. आणि हा नंबर आणीबाणीच्या सेवेची जागा घेत नाही. पोलिसांसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि संकटातील मुलांसाठी १०९८ हे नंबर आम्ही त्याच कार्डावर छापले आहेत.

अलीकडे एका रात्री असाच उसन्या फोनवरून कॉल आला. मी गाढ झोपेत होतो. इंदापूरच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी तो उचलला, खूण विचारून घेतली आणि १०८ ला कळवले. तापाने फणफणलेले मूल वेळेवर दवाखान्यात पोचले. मला हे सकाळी कळले. आपल्यावाचूनही काम झाले, याचा इतका आनंद मला पूर्वी कधी झाला नव्हता.

यंत्र घंटी चार घरांपर्यंत नेते. उठून फोन उचलायचे काम मात्र माणसाचेच आहे.

मनन व चर्चेसाठी

१. आपल्या मंडळीतील कोणते काम एकाच माणसाच्या खिशात अडकले आहे?
२. इथ्रोचा सल्ला ऐकताना मोशेला काय सोडावे लागले असेल?
३. आठवड्यातील एक रात्र फोनजवळ राहायला आपल्यापैकी कोण तयार आहे?

प्रार्थनेचा विषय : उजनीच्या काठी राहणाऱ्या कातकरी कुटुंबांसाठी, आणि जिचे नाव आम्हांला कळले नाही त्या बहिणीसाठी.