आबांनी एक आकडा बदलला

बँकेच्या काउंटरला बसून मला एकोणीस वर्षं झाली. "काका, सही करायच्या आधी वाचा हो," हे वाक्य मी दिवसाकाठी चारदा तरी म्हणत असेन. आणि तरीही २०२१च्या जूनमधल्या एका रविवारी, गॅसवर कुकर चढवून, एका अनोळखी मुलाने पाठवलेली लिंक मी उघडली आणि त्यात ओटीपी टाकून मोकळी झाले. ४८,००० रुपये. लेकीचा कोडिंगचा कोर्स.

लेक तेव्हा तिसरीत होती. शाळा बंद, पोर दिवसभर माझ्या जुन्या मोबाइलला चिकटलेली. आदल्या वर्षीच्या जुलैत नवं शैक्षणिक धोरण आलं होतं आणि 'आता कोडिंग सक्तीचं झालं' अशी आवई आमच्या कॉलनीत उठली होती. धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचे उपक्रम आणायचं म्हटलंय, हे मी फार नंतर वाचलं. तिसरीतल्या पोरीला कसलीच घाई नव्हती. पण शेजारच्या मुलाने 'ॲप बनवलं' होतं आणि त्याचं प्रमाणपत्र सोसायटीच्या ग्रुपवर झळकलं होतं. माझ्या पोटात गोळा आला, तो तिथेच.

मोफत डेमो झाला. शेवटच्या दहा मिनिटांत शिकवणाऱ्या बाई गेल्या आणि विक्रीचा मुलगा स्क्रीनवर आला. "मॅडम, हिचं लॉजिक वयाच्या मानाने फार पुढे आहे. आजच घेतलंत तर अठरा हजार कमी." मग लेकीकडे वळून, "बेटा, मम्मीला सांग ना, तुला शिकायचंय की नाही?" लेक माझ्या मांडीला टेकून बसलेली. तिच्यासमोर नाही म्हणायला जीभ रेटली नाही. आता कुणी विचारलं तर पहिलं हेच सांगते. डेमोला मूल बसू दे, पण पैशांची भाषा सुरू झाली की त्याला खेळायला पिटाळायचं. आणि 'आजच'चा भाव उद्याही मिळतो; त्याच कोर्ससाठी मला पुढे सहा महिने त्याहून स्वस्ताचे फोन येत होते.

चौथ्या तासाला लेकीने ॲप 'बनवलं'. चेंडू खालून वर उडायचा, फळी सरकवून तो अडवायचा. प्रमाणपत्र आलं, मी ते ग्रुपवर टाकलं. (हो, मीसुद्धा.) संध्याकाळी ती आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, दाखवायला गेली. आबांनी कोल्हापूरच्या उद्यमनगरात छत्तीस वर्षं लेथ चालवला. त्यांना कोडिंगचं काही कळत नाही, पण चालणारी कुठलीही वस्तू दिसली की ती का चालते हे विचारल्याशिवाय त्यांना करमत नाही.

"ह्यो आकडा कशाचा?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही. मॅडमनी लिहायला सांगितलं, मी लिहिलो." कोल्हापूरच्या पोरी 'लिहिलो'च म्हणतात.

आबांनी ५च्या जागी ५० केलं. चेंडू दिसेनासा झाला. लेकीचा चेहरा रडवेला. "आबा, मोडलासा की तुम्ही!" आबा म्हणाले, "मोडलं न्हाई, पळालं जोरात. आता तू त्याला माघारी आण." तिला आणता आला नाही. त्या कोर्समध्ये ती कधी चुकलीच नव्हती. कोडचा एक जरी ठोकळा भलतीकडे ठेवला तरी पुढचं पान उघडायचं नाही आणि बाई लगेच बरोबर जागा दाखवायच्या. बाईंचाही दोष नव्हता. त्यांच्यासमोर लिहून दिलेली संहिता असायची आणि तासाला ठरावीक पानं संपवायची. दर महिन्या-दोन महिन्याला नव्या बाई. पंधराव्या तासानंतर लेक कॅमेरा बंद करून कार्टून बघताना सापडली.

मग मी पैसे परत मागितले. तेव्हा कळलं की 'नो कॉस्ट ईएमआय' म्हणून मी ज्याला हो म्हटलं, ते माझ्या नावावरचं कर्ज होतं. एका फायनान्स कंपनीने सगळी रक्कम कोर्सवाल्यांना देऊन टाकली होती आणि मी दरमहा तिची देणेकरी. हे बँकेतल्या बाईला कळू नये, याची लाज आजही वाटते. आम्ही रोज लोकांना समजावतो की खात्यावरचं नॅच मँडेट, म्हणजे हप्ता आपोआप कापायची परवानगी, रद्द केलं तर हप्ता कापायचा थांबतो, कर्ज थांबत नाही. उलट सिबिलवर डाग पडतो. त्यामुळे मी हप्ते भरत राहिले आणि एकीकडे भांडत राहिले. सगळं बोलणं ईमेलवर आणलं. फोनवर दिलेला शब्द नंतर कुणाच्याच लक्षात नसतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला (आता तिचा नंबर १९१५) तक्रार नोंदवली. चार महिन्यांनी २१,००० परत आले. उरलेले गेले ते गेले. जिल्हा ग्राहक आयोगात जायची तयारी मात्र ठेवली होती. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं.

गंमत म्हणजे त्याच वर्षी डिसेंबरात केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने पालकांसाठी सूचना काढली: ऑनलाइन शिकवणाऱ्या कंपन्यांना खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी देऊ नका, मोफतच्या नावाखाली काय मान्य करताय ते वाचा. माझा ओटीपी जूनमधला. आता मोबाइलवरून कर्ज घेताना सगळा खर्च एकत्र मांडलेलं पत्रक आधी मिळायला हवं आणि ठरावीक दिवसांत मुद्दल व तेवढ्या दिवसांचा खर्च भरून बाहेर पडता यायला हवं, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा दंडक आहे. म्हणून हप्त्याची गोष्ट निघाली की एकच विचारायचं: पैसे कोण देतंय, तुम्ही की फायनान्स कंपनी? या प्रश्नावर समोरचा अडखळला तर फोन ठेवावा. दरमहा शंभर-दोनशेवाल्या ॲपांचं दुखणं वेगळं. फोनमधून ॲप काढून टाकलं तरी वर्गणी चालूच राहते. ती प्ले स्टोअरमध्ये जाऊन वेगळी बंद करावी लागते.

इतकं पोळल्यावर मी स्क्रीनचं नावच टाकलं होतं. पण माझी एक मैत्रीण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, तिने हसून विचारलं, "अगं, स्क्रॅच फुकट असताना तू पैसे कशाला घातलेस?" अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबने २००७ साली हे ठोकळे जोडून कोडिंग करायचं सॉफ्टवेअर लोकांसाठी खुलं केलं, आठ वर्षांपुढच्या मुलांसाठी ते, आणि पाच ते सातच्या पोरांसाठी वेगळं स्क्रॅच ज्युनिअर. दोन्हींना दमडी लागत नाही. कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं तर खातंही उघडावं लागत नाही. खातं उघडलंच तर मुलाचं खरं नाव, शाळा घालू नये. डेमोच्या त्या एका फॉर्ममधून माझा नंबर कुठेकुठे गेला ते मी भोगलंय.

पहिले आठ दिवस स्क्रॅचमधलं मांजर नुसतं म्याव करत होतं. मी अस्वस्थ. पोरीला कुणी पान उलटून देत नव्हतं, तर ती तिथेच रमली. मग तिला मांजर डावीकडे न्यायचं होतं. पडद्याच्या मधोमध शून्य, उजवं टोक २४०. आणि डावं? तिने बरंच काही करून बघितलं आणि शेवटी आबांकडे गेली. आबांनी शून्याच्या अलीकडे मोजायचं कसं ते जिन्याच्या पायऱ्यांवर दाखवलं. शाळेत ऋण संख्या सहावीत यायच्या होत्या. हिला चौथीतच गरज पडली, म्हणून आल्या. मांजर जमिनीतून आरपार खाली पडत राहायचं, त्यावर तिने तीन दिवस काढले. मी मध्ये पडले नाही, हे त्या वर्षातलं माझं सर्वांत अवघड काम.

तेव्हापासून कुठलंही ॲप घ्यायच्या आधी मी स्वतः अर्धा तास ते चुकीचं वापरून बघते. चूक केल्यावर काही घडतं का? कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट या मोफत संचात विजेच्या मंडलाचा एक खेळ आहे. त्यात बॅटरीची दोन टोकं वायरीने थेट जोडली की ज्वाळा निघतात. लेकीने त्या दिवशी वीसेक वेळा आग लावली. खऱ्या बॅटरीवर हे करू देणार नाही, म्हणून ते स्क्रीनवरच बरं. पण जे हाताने करता येतं ते स्क्रीनवर कशाला? अरविंद गुप्तांनी काडेपेटीच्या काड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, जुन्या सीड्या यांतून केलेली खेळणी त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. आम्ही ती बघतो आणि फोन पालथा घालून करायला बसतो.

फोनचा खरा उपयोग मला फायफॉक्समुळे कळला. जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठाचं हे मोफत ॲप फोनमधले सेन्सर मोजमापाला लावून देतं. मागच्या दिवाळीत लेकीने फोन झोपाळ्याच्या पाटाला चिकटपट्टीने बांधला. आमच्या झोपाळ्याच्या कड्या दोन मीटरच्या. ती बसली, हलका झोका घेतला: एका झोक्याला २.८ सेकंद. मग आबांना बसवलं. आबा तिच्या अडीचपट वजनाचे, म्हणजे झोका संथ येणार, अशी तिने पैज मारलेली. आला २.७. पुन्हा मोजलं. २.७च.

"आबा, तुम्ही जड असून लवकर कसं येता?"

आबा विचारात पडले. मग म्हणाले, "माझं वजन पाटाच्या वर जास्त उंचीला हाय. तू बुटकी. कडी आखूड केल्यागत होत असंल." लेक म्हणाली, मग उभे राहा. आबांनी गुडघ्याकडे बोट दाखवलं. तिने जरा विचार केला, उशी आणली, आणि त्यांना पाटावर आडवं केलं. पाय खुर्चीत बसल्यासारखे लोंबू नयेत म्हणून वर घ्यायला लावले. झोका दिला.

२.८.

"उठू का आता?" आबांनी विचारलं. ती वहीत लिहीत होती, तिला ऐकूच गेलं नाही.