जुलाब, जलसंजीवनी आणि पालक

जमाखर्च व देणगीदारांची नामावली यांच्या जोडीने पालकांच्या उपयोगी पडेल असा एखादा आरोग्यविषय अहवालात असावा, या हेतूने हे टिपण दिले आहे. प्रस्तुत लेखक वैद्यक नसून वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. तेव्हा औषधांविषयीचा मजकूर सर्वमान्य वैद्यकीय मार्गदर्शनास धरूनच आहे. विषय मुलांच्या जुलाबांचा. तो क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु पाच वर्षांखालील बालकांच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांत जुलाबांची गणना आजही होते.

जुलाबाने मूल दगावते ते बहुतांशी शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. म्हणून 'जुलाब थांबले का?' या प्रश्नापेक्षा 'गेलेले पाणी भरून निघाले का?' हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. आतड्यात साखर शोषली जाताना ती मिठास सोबत नेते आणि त्यांच्यामागून पाणी जाते. जुलाब चालू असतानाही ही वाट बव्हंशी शाबूत राहते. जलसंजीवनीचे, म्हणजेच ओआरएसचे, सारे रहस्य एवढेच आहे.

या साध्या उपायाची कसोटी १९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगाव येथे लागली. बांगलादेश मुक्तिसंग्रामातील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ होती व सलाईनचा साठा अपुरा पडत होता. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा यांचे मिश्रण पाण्यात कालवून पाजावयास लावले, आणि पाजणारे बहुतेक रुग्णांचे नातेवाईकच होते. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. त्यांना २०२३ साली मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. तरीही मुलाला जुलाब होताच 'आधी सलाईन लावा' असा आग्रह धरणारे पालक आजही भेटतात. मूल तोंडाने पिऊ शकत असेल व ग्लानीत नसेल, तर बहुतेक वेळा सुईची गरज नसते.

चूक होते ती मिश्रण करताना. मोठे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते, लहान पाकीट २०० मिलिलिटरसाठी. पाकिटावरील सूचना वाचूनच पाणी मोजून घ्यावे. पाणी उकळून गार केलेले असावे. मोठ्या पाकिटातील चमचाभर पूड अंदाजाने पेल्यात घालणे सर्वथा अयोग्य. दाट मिश्रणाने जुलाब वाढू शकतात व रक्तातील मीठ धोक्याच्या पातळीस जाऊ शकते. पातळ मिश्रणाने क्षार भरून निघत नाहीत. वरून साखर घालू नये. केलेले मिश्रण २४ तासांनंतर टाकून द्यावे. दोन वर्षांखालील मुलास प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्यावरील मुलास १०० ते २०० मिलिलिटर पाजावे. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने सुरू करावे.

खोक्यात मिळणारी गोड पेये जलसंजीवनीच्या जागी चालत नाहीत. त्यांत साखर अधिक व क्षार कमी असतात. अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' हा शब्द वापरण्यास अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली.

सोबत झिंकची गोळी १४ दिवस द्यावी: दोन ते सहा महिन्यांच्या बाळास रोज १० मिलिग्रॅम, त्यावरील मुलास २० मिलिग्रॅम. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबताच गोळ्या बंद करण्याची प्रवृत्ती सर्वत्र दिसते; ती टाळावी. जलसंजीवनी व झिंक दोन्ही आशाताईंकडे व शासकीय आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळतात.

'पोटाला विश्रांती' म्हणून मुलास उपाशी ठेवू नये. अंगावरचे दूध चालूच ठेवावे. मोठ्या मुलास मऊ भात, वरण, खिचडी, केळे, ताक द्यावे. जायफळ उगाळून चाटविण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. वडीलधाऱ्यांच्या मायेविषयी आदर राखूनही म्हणावे लागते की, गुंगलेले मूल शांत झाले आहे की पाणी कमी पडून ग्लानीत गेले आहे, हे मग उमगत नाही. दात येताना जुलाब होणारच, या समजुतीपायीही मोलाचे दिवस जातात. जुलाब बांधणारी औषधे व प्रतिजैविके मनाने देऊ नयेत.

हिशेबाच्या दृष्टीने पाहता, घरच्या घरी बरे झालेले मूल रुग्णालयाच्या जमेच्या बाजूस कोठेच दिसत नाही. खाटा व यंत्रे यांसाठी देणगी मिळते, पाकिटांसाठी क्वचितच कोणी विचारतो. विश्वस्त व देणगीदार यांनी याचा अवश्य विचार करावा.

बाळाचे वय ६, १० व १४ आठवडे असताना रोटाव्हायरसची लसही राष्ट्रीय लसीकरणात विनामूल्य दिली जाते.

आता धोक्याची लक्षणे. डोळे किंवा टाळू खोल गेलेली, पोटाच्या कातडीची चिमटीत धरलेली घडी सावकाश मिटते, मूल सुस्त आहे वा पिऊ शकत नाही, सहा-आठ तास लघवी नाही, शौचात रक्त, वारंवार उलट्या, मोठा ताप, यांपैकी एकही दिसल्यास सकाळची वाट पाहू नये. बाळ दोन महिन्यांच्या आतील असेल, तर यांपैकी काही दिसण्याचीही वाट न पाहता आणावे. मूल शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर वाटेत चमच्याने जलसंजीवनी पाजत राहावे व निघताना झालेल्या जुलाबांची संख्या व दिलेल्या औषधांची नावे कागदावर लिहून सोबत घ्यावीत.