किल्ली आमच्याजवळ होती

निघताना मी तीन कुलपं लावली. अंगणाच्या फाटकाला साखळीचं, पडवीच्या लोखंडी जाळीला एक आणि दाराच्या कोयंड्याला सासऱ्यांच्या वेळचं पितळी. मागच्या दाराला आतून कडी आणि आडणा. तिन्ही किल्ल्या रुमालात बांधून पर्समध्ये टाकल्या आणि ह्यांना म्हटलं, आता चोराच्या बापालाही आत जाता येणार नाही. खरंच गेला नाही. पण शेजारच्या काकांनाही जाता आलं नाही, आणि त्या दिवशी त्यांनी आत जाणं फार गरजेचं होतं.

2019चा जानेवारी संपत आला होता. रत्नागिरीला भाचीचं लग्न, त्याला जोडून दोन दिवस गणपतीपुळे. आमचं घर डहाणू तालुक्यात, धुंदलवाडीच्या बाजूला. तिथून तलासरीची हद्द जवळच. आदल्या नोव्हेंबरपासून या पट्ट्यात जमीन हलत होती. आधी पायाखालून गडगड ऐकू यायची, मग खिडक्यांची तावदानं थडथडायची, मांडणीवरची ताटं वाजायची. धक्के फार खोलवरचे नव्हते म्हणून आवाज मोठा, असं जाणकार सांगत. एकच मोठा भूकंप येऊन गेला, असंही नाही. छोट्या छोट्या धक्क्यांची नुसती रांग लागलेली. लोक थंडीत अंगणात झोपत होते. तंबू आले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संस्थेची माणसं यंत्रं लावून गेली. पण लग्नाची तारीख काही भूकंपाला विचारून ठरत नाही. आम्ही गेलो.

आणि जाताना मला भीती कशाची, तर चोराची. पाड्यातली निम्मी माणसं बाहेर झोपतात, काही नातेवाइकांकडे निघून गेली आहेत, अशा वेळी बंद घर म्हणजे आमंत्रणच, हे माझं गणित. म्हणून तीन कुलपं.

1 फेब्रुवारीला, शुक्रवारी, आम्ही परतीच्या गाडीत होतो. रत्नागिरी सुटल्यावर थोड्याच वेळात करबुडेचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटरचा. आत फोन लागत नाही. बाहेर पडल्यावरही त्या डोंगरांत कधी रेंज असते, कधी नसते. बऱ्याच वेळाने फोन जिवंत झाला तो एकदम अकरा मिस्ड कॉल घेऊन. सगळे काकांचे. लावला तर नमस्कार नाही, चमत्कार नाही. ‘‘अगं, गॅस बंद केला नव्हतास?’’

झालं होतं ते असं. दुपारी दोनच्या सुमारास 4.1 तीव्रतेचा धक्का बसला, त्या मालिकेतला तोवरचा सगळ्यात मोठा. आमच्या ओट्यावरच्या फळीवर पितळेचे डबे आणि लोणच्याची बरणी होती. फळी एका बाजूने सुटली आणि सगळं शेगडीवर आलं. शेगडी ओट्यावरून खाली घसरली, जाताना रबरी नळी तिच्या तोंडातून उपसून गेली. आणि निघायच्या दिवशी पहाटे चहा करून मी शेगडीचं बटण तेवढं बंद केलं होतं. रेग्युलेटर चालूच.

काका वाडीत चिकू उतरवत होते. धक्क्यानंतर भिंती बघायला म्हणून घरांवरून फिरले, तेव्हा आमच्या मागच्या खिडकीशी वास आला. गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम तो कुजकट वास मिसळतात. त्या वासानेच आमचं घर वाचवलं म्हणायचं. काकांनी बांबूने खिडकीची काच फोडली. मीटर आणि मेन स्विच पडवीच्या बाहेर, ते पाडलं. आणि मग तीन कुलपं. पहार आणून फाटक, जाळी आणि कोयंडा उचकटायला त्यांना नि त्यांच्या मुलाला अर्धा तास लागला. पितळी कुलूप शेवटपर्यंत तुटलं नाहीच, चौकटीचं लाकूड फाटून कोयंडाच हातात आला.

त्याच दिवशी हळदपाड्यात घाबरून बाहेर पळताना पडून दोन वर्षांची एक मुलगी गेली. आमचं नुकसान म्हणजे एक चौकट, एक काच आणि बरणीभर लोणचं. ते मी आजही नुकसानीत धरत नाही.

तर आता, घर बंद करून जाणाऱ्या माणसाला मी काय सांगते ते सांगते.

रेग्युलेटरचं बटण फिरवून थांबू नका. रेग्युलेटर काढा आणि सिलिंडरच्या तोंडावर दोऱ्याला लोंबणारी टोपी दाबून बसवा. ती टोपी बहुतेक घरांत पहिल्याच आठवड्यात हरवलेली असते; आमच्याकडे ती कपबशांच्या मागे सापडली. नारिंगी नळीवर तारीख छापलेली असते, पाच वर्षांनी नळी बदलायची असते. मी काकांनी सांगेपर्यंत ती तारीख पाहिली नव्हती. आणि कुणाच्या बंद घरातून वास आला तर दिवा लावू नका, घंटीसुद्धा दाबू नका. एका ठिणगीने होत्याचं नव्हतं होतं. मेन बाहेर असेल तरच पाडा. गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो, म्हणून दारं-खिडक्या उघडून त्याला वाट करून द्यायची. गळतीसाठी 1906 हा क्रमांक चोवीस तास चालतो. माझ्या दाराच्या आतल्या बाजूला तो खडूने लिहिला आहे. पाहुणे हसतात.

मेन बंद करायचं तर फ्रिज आधी रिकामा करा. एकदा गणपतीला गावी जाताना मी मेन पाडलं आणि फ्रिजमध्ये बोंबील तसेच राहिले. त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

उंचावर जड काही ठेवू नका, हे आमच्या भागात वेगळं सांगायला नको, तरी सांगते. फळीला पुढून पट्टी मारा. कपाटं भिंतीला क्लॅम्पने धरा. टाकीचा वरचा व्हॉल्व्ह बंद करून जा, कारण धक्क्याने पाइपाचा सांधा निखळला तर आठ दिवस घरात पाणी.

आता किल्लीचं. कुलूप माणूस ओळखत नाही. चोराला अडवतं तसंच मदतीला आलेल्यालाही अडवतं. म्हणून एक जोड शेजारी हवाच, आणि दोन घरांत माहीत हवं की तो कुणाकडे आहे. कारण चैत्र पौर्णिमेला विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा भरली की शेजारीही जत्रेला जातात! आमच्याकडे दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं पोराबाळांसकट वीटभट्टीवर जातात, ती सहा-सहा महिने येत नाहीत. त्यांच्या दाराला बऱ्याचदा नुसती कडी नि सुतळी असते, आणि घरावर म्हातारीचं लक्ष. मी आधी त्याला निष्काळजीपणा म्हणायची.

मात्र किल्ली घेऊन बाहेरचं कुणी येणार असेल, विशेषतः अंधार पडल्यावर, तर ते पाड्यात आधी सांगा. कोण येणार, कुठल्या गाडीने, कधी. याच तालुक्यात गडचिंचल्याला 16 एप्रिल 2020च्या रात्री जमावाने दोन साधूंना आणि त्यांच्या चालकाला चोर समजून जिवे मारलं. त्याआधीचे काही दिवस चोर आल्याच्या अफवा मोबाइलवर फिरत होत्या. तेव्हापासून मी ‘सावधान, टोळी फिरतेय’ असे निरोप पुढे पाठवत नाही. संशय आला तर 112 आहे, पोलीस ठाणं आहे. लांब जाणार असू तर ठाण्यात तसं सांगूनही ठेवता येतं. गणपतीपुळ्याचे फोटो मात्र घरी आल्यावर टाका, समुद्र कुठे पळून जात नाही.

दागिने लॉकरमध्ये ठेवा, पण लॉकरचा कागद वाचून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या 1 जानेवारी 2022पासूनच्या नियमाप्रमाणे चोरी, आग किंवा इमारत कोसळून लॉकरचं नुकसान झालं तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत. भूकंप, पूर, वीज यांत मात्र, बँकेची कसूर नसेल तर, काही नाही. आमच्यासारख्यांनी हे कलम वाचलं की घोटभर पाणी प्यावंसं वाटतं. घराच्या विम्याचं उलट. 2021च्या एप्रिलपासून सगळ्या कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारखी पॉलिसी मिळते, तिच्यात भूकंप आहे; एरवीची घरफोडी हवी असेल तर ती वेगळी मागून घ्यावी लागते.

आम्ही त्या रात्री उशिरा पोचलो. गावात दिवे बाहेर, माणसं बाहेर, लेकरं गोधड्यांत. आमच्या घराला ना फाटक, ना जाळी, ना दार. सगळं सताड उघडं. पडवीत काकांनी स्वतःची बाज टाकली होती आणि उशाशी आमची शिलाई मशीन, टीव्ही आणि लोणच्यातून पुसून काढलेले पितळेचे डबे ओळीने मांडून ठेवले होते. मी मोजायला नको म्हणून काकींनी मोजूनही ठेवले होते. अकरा.

चौकट नवी बसवली, पितळी कुलूप तेच आहे. आता निघताना किल्ली द्यायला गेले की काकी हात पुढे करायच्या आधी विचारतात, ‘‘टोपी बसवलीस?’’ मागच्या दिवाळीला मी हो म्हटलं आणि अर्ध्या वाटेवरून बघायला परत आले.