कॅरेट मीटर आणि कृष्णविवर

प्रश्न : मी सुरतेत एका सराफी पेढीत कामाला आहे. दागिना कॅरेट मीटरमध्ये ठेवला की सोनं किती, तांबं किती, ते पडद्यावर येतं. परवा वाचलं, की एका दीर्घिकेतल्या कृष्णविवराभोवतीच्या वायूत लोखंड आहे. जिथून प्रकाशही सुटत नाही, तिथलं लोखंड शास्त्रज्ञांना कसं कळलं?
— एक वाचक, सुरत

उत्तर : तुमच्या कॅरेट मीटरच्याच रीतीनं!

मीटरमधली नळी दागिन्यावर क्ष-किरण सोडते. ते अणूच्या आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उडवतात. रिकाम्या जागी वरच्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उतरतो आणि जास्तीची ऊर्जा क्ष-किरणाच्या रूपानं बाहेर पडते. ही ऊर्जा प्रत्येक मूलद्रव्याची ठरलेली असते आणि वर्णपटात तिची रेषा उमटते. हजार इलेक्ट्रॉनव्होल्टच्या मापात सोन्याची एक ठळक रेषा ९.७ वर, तांब्याची ८ वर, लोखंडाची ६.४ वर. यंत्र या रेषा मोजून टंच सांगतं.

प्रकाश सुटत नाही तो कृष्णविवराच्या सीमेच्या आतून. सीमेबाहेर वायूची तबकडी गरगरत असते. तिच्याजवळ अतितप्त इलेक्ट्रॉनांचा ढग असतो आणि नळीचं काम तो करतो. त्याचे क्ष-किरण तबकडीवर आदळले, की तिच्यातलं लोखंड ६.४ ची रेषा देतं.

फरक पुढे आहे. रेषा जागेवरून हलली तर सराफ म्हणेल, यंत्र बिघडलं. खगोलशास्त्रज्ञाला मात्र ती किती हलली यातच रस. आपल्याकडे येणाऱ्या वायूची रेषा वरच्या ऊर्जेकडे सरकते, दूर जाणाऱ्याची खाली. शिवाय गुरुत्वाकर्षणातून वर चढताना किरणाची ऊर्जा घटते. त्यामुळे विवराच्या अगदी जवळची रेषा विसकटून खालच्या बाजूला लांब पसरते. जपानच्या ‘आस्का’ उपग्रहानं १९९५ मध्ये अशी पसरट रेषा एका सक्रिय दीर्घिकेत, म्हणजे जिच्या कृष्णविवराभोवती अशी तबकडी तळपते तिच्यात, स्पष्ट दाखवली.

क्ष-किरण वातावरणात शोषले जातात, म्हणून हे मीटर अवकाशात न्यावं लागतं. २८ सप्टेंबर २०१५ ला सुटलेल्या भारताच्या ‘ॲस्ट्रोसॅट’वरची मृदू क्ष-किरण दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकारानं झाली. पुण्याच्या ‘आयुका’तले संशोधक तिनं सक्रिय दीर्घिकांचे वर्णपट तपासतात. लोखंडाच्या रेषेजवळ ती सुमारे १५० इलेक्ट्रॉनव्होल्टचा फरक ओळखते. जपानच्या ‘क्रिझम’ उपग्रहाला (२०२३) सुमारे पाचाचाही पुरतो. त्याचा संवेदक निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या विसाव्या भागाइतका थंड ठेवतात. एकेक किरण पडला की तो किंचित तापतो आणि ते तापणं मोजलं जातं.

शामशबल तारकासमूहातली एनजीसी ४१५१ ही दीर्घिका सुमारे पाच कोटी प्रकाशवर्षांवर आहे. ‘क्रिझम’नं तिची लोखंडी रेषा सुटी केली तेव्हा त्यात तीन थर निघाले : तबकडीजवळचा वेगवान वायू, त्याबाहेरचा, आणि सर्वांत दूरचा संथ.

तुम्हाला ठाऊक असेलच, की वर जाड मुलामा असला तर कॅरेट मीटर फसतं, कारण त्याला वरचा पातळ थरच वाचता येतो. तबकडीचंही तसंच : लोखंडाची रेषा येते ती वरच्या सायीतून. फक्त तुम्हाला दागिना कापून पाहता येतो.