जीपीएसला कळतं, पण ते कोणाला कळवतं? – संकटाच्या बीकनचा पाठ



दहावीच्या विज्ञानात ‘अवकाश मोहिमा’ हा पाठ आहे. उपग्रहांचे प्रकार, कक्षा, प्रक्षेपक हे सगळं आपण शिकवतो आणि मुलंही ते व्यवस्थित पाठ करतात. पाठ संपला की वर्गात एक प्रश्न विचारून बघा. "समजा, तुम्ही किनाऱ्यापासून ६० किलोमीटर आत समुद्रात आहात. बोटीचं इंजिन बंद पडलंय, पाणी आत येतंय. मोबाइलला रेंज नाही, पण जीपीएस चालू आहे. आता तुम्ही कुठे आहात हे कोणाला माहीत आहे?"

माझ्या वर्गात दरवर्षी चार-पाच आवाज एकदम येतात, "उपग्रहाला!"

इथेच थांबायला हवं. कारण हाच समज घेऊन मुलं उद्या समुद्रावर जातात, गडावर जातात, आणि आपण पालकही "मोबाइलमध्ये जीपीएस आहे ना" म्हणून निर्धास्त राहतो.

जीपीएसचा उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत एकच गोष्ट सांगत असतो: मी अमुक उपग्रह, मी इथे आहे, आणि आत्ता इतके वाजलेत. आपल्या हातातलं यंत्र कमीत कमी चार उपग्रहांचं हे बोलणं ऐकतं, संदेश यायला लागलेल्या वेळेवरून अंतरं काढतं आणि स्वतःची जागा ठरवतं. वेळेचं महत्त्व मुलांना आकड्यातून पटतं. प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतर ३०० मीटरने चुकतं. पण आपला मुद्दा वेगळा आहे. या सगळ्या व्यवहारात आपलं यंत्र फक्त ऐकतं. आकाशवाणी लावून बसलेल्या माणसाचं नाव आकाशवाणीला माहीत नसतं, तसंच हे. जागा यंत्राला कळली, जगाला नाही.

मग शाळेच्या बसचा ट्रॅकर किंवा मुलाच्या हातातलं घड्याळ आपल्याला नकाशावर ठिपका कसा दाखवतं? त्यात सिमकार्ड असतं. जागा जीपीएसवरून काढायची आणि मोबाइलच्या टॉवरमार्फत पाठवायची, अशी दोन कामं तिथे चालतात. घाटात रेंज गेली की पहिलं काम चालू राहतं, दुसरं बंद पडतं. नकाशावरचा ठिपका तिथेच थिजतो. पालकांनो, तो ठिपका म्हणजे ‘मूल आत्ता इथे आहे’ असं नसतं, ‘शेवटचं कळलं तेव्हा इथे होतं’ एवढंच.

टॉवर नाही तिथे हे दुसरं काम करण्यासाठी जे यंत्र बनवलं, तो संकटाचा बीकन. १९७९ साली अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि सोव्हिएत युनियन या चार देशांनी मिळून ‘कोस्पास-सारसॅट’ ही व्यवस्था उभारायचं ठरवलं. शीतयुद्धाचे दिवस होते ते, तरीही! १९८२ मध्ये पहिला उपग्रह गेला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कॅनडात कोसळलेल्या एका छोट्या विमानातल्या तिघांचा शोध त्यामुळे लागला. आज भारतही या व्यवस्थेत आहे. आपलं नियंत्रण केंद्र इस्रोच्या बेंगळुरूच्या आवारात आहे, आणि समुद्रातला संदेश तिथून तटरक्षक दलाच्या मुंबई, चेन्नई किंवा पोर्ट ब्लेअरच्या शोध-बचाव केंद्राकडे जातो.

हा बीकन ४०६ मेगाहर्ट्झवर साधारण दर ५० सेकंदांनी एक हाक देतो. हाक जेमतेम अर्ध्या सेकंदाची. त्यात बीकनचा स्वतःचा क्रमांक असतो, आणि आत जीपीएस असेल तर अक्षांश-रेखांशही.

"आत जीपीएस नसेल तर?" असं एका मुलीने विचारलं होतं. प्रश्न फार चांगला आहे, कारण सुरुवातीच्या बीकनमध्ये ते नव्हतंच. तेव्हा जागा काढायचे ती डॉप्लर परिणामावरून. आमच्या गावाजवळून कोकण रेल्वे जाते. गाडी जवळ येताना शिट्टी बारीक, चढी ऐकू येते आणि पुढे गेली की एकदम उतरते. इथे शिट्टी एका जागी आहे आणि ऐकणारा उपग्रह डोक्यावरून पळतोय, एवढाच फरक. सूर कधी आणि किती झपाट्याने उतरला यावरून बीकनची जागा निघते. पण त्यात साधारण ५ किलोमीटरचा फरक पडू शकतो, तर जीपीएस असलेल्या बीकनची जागा १०० मीटरच्या आसपास कळते. मुलांना वर्तुळाचं क्षेत्रफळ काढायला लावा. त्रिज्या ५० पट, म्हणजे शोधायचं पाणी २५०० पट! पावसाळी लाटांमध्ये माणसाचं डोकं नारळाएवढं दिसतं, हे कोळीवाड्यातल्या मुलांना सांगावं लागत नाही.

आता यंत्र लावायचं कसं ते बघू. पहिली गोष्ट बॅटरी नाही, अँटेनाही नाही. पहिली गोष्ट नोंदणी. बीकनच्या हाकेत असतो तो फक्त क्रमांक. त्या क्रमांकापुढे बोटीचं नाव, मालक, बंदर, घरचा फोन नंबर हे नोंदीत असलं, तरच केंद्रातला माणूस आधी घरी फोन लावू शकतो, "तुमची बोट बाहेर आहे का? किती जण आहेत?" नोंद नसेल तर तो नुसता एक क्रमांक उरतो. बोट विकली, फोन बदलला तर नोंदही बदलायला हवी, आणि नेमकं हेच राहून जातं. (आपल्या शाळेच्या रजिस्टरमधले पालकांचे किती फोन नंबर आज लागतात, हेही एकदा तपासून बघा.)

मग जागा. मोठ्या बोटीवरचा बीकन उघड्यावर, वर आकाश मोकळं असेल असा बसवतात. काहींच्या खोक्याला पाण्याच्या दाबावर चालणारी कळ असते. बोट बुडून खोकं दीड ते चार मीटर खाली गेलं की कळ सुटते, बीकन वर येतो आणि स्वतःच चालू होतो. त्यावर जाळ्यांचा ढीग टाकून ठेवला किंवा दोरीने घट्ट बांधून टाकला, तर तो बोटीबरोबर तळाला जाणार. बॅटरीवर मुदत छापलेली असते ती वाचायची. तपासणीसाठी वेगळं चाचणीचं बटण असतं. त्याने खरा इशारा जात नाही, पण बॅटरी खर्च होते, म्हणून पुस्तिकेत सांगितलंय तेवढ्याच वेळा तपासायचं.

चालवायची वेळ आलीच, तर अँटेना पूर्ण उघडून वर, आकाशाकडे. जीपीएसच्या भागावर हात ठेवायचा नाही. पाण्यात असाल तर बीकनची दोरी स्वतःला किंवा तराफ्याला बांधा, बुडणाऱ्या बोटीला नाही. आणि एकदा चालू केला की बंद करायचा नाही. लोक घाबरून ‘बॅटरी वाचवू’ म्हणून मधेच बंद करतात. बोटीवरच्या बीकनची बॅटरी किमान ४८ तास आणि अंगावर बाळगायच्या छोट्या बीकनची किमान २४ तास चालावी असं प्रमाणच आहे. तेवढा वेळ त्याला हाक मारू द्या.

आपल्या मच्छीमारांसाठी इस्रोने २०१० पासून ‘डॅट’ नावाचं वेगळं यंत्र दिलं. त्यातून जागेबरोबर आग, बोट बुडणं, माणूस पाण्यात पडणं, आजारपण असा संकटाचा प्रकारही कळवता येतो. पण जुन्या यंत्राची एक मोठी उणीव होती. बटण दाबलं, पुढे काय? संदेश पोचला की नाही हे तांडेलाला कळायचं नाही. अंधारात, हलत्या बोटीवर ते न कळणं काय असतं याची कल्पना करा. नव्या पिढीच्या यंत्रात किनाऱ्यावरून पोच येते, वादळाचा इशाराही येतो, आणि मोबाइल ब्लूटूथने जोडून तो आपल्या भाषेत वाचता येतो. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये एक लाख मासेमारी बोटींवर दुतर्फा संदेश देणारे ट्रान्सपॉंडर बसवण्याच्या योजनेची सुरुवात झाली. तुमच्या शाळेत कोळी समाजाची मुलं असतील तर त्यांच्या घरी हे यंत्र आहे का, कुठे लावलंय, ते त्यांनाच विचारा. त्या दिवशी शिकवणारे ते आणि ऐकणारे आपण.

वर्गात करायचा एक प्रयोग सांगतो, यंत्र न लागणारा. दोन मुलांना पाठीला पाठ लावून उभं करा. एकाच्या हातात कागद: अक्षांश १७.३०. तो दुसऱ्याला ‘फोनवर’ सांगतो, "सतरा तीस." दुसरा लिहितो १७ अंश ३० मिनिटं. दोघांनाही वाटतं, काम झालं. आता फळ्यावर हिशोब करा. एका अंशात ६० मिनिटं, म्हणून १७.३० अंश म्हणजे १७ अंश १८ मिनिटं. फरक १२ मिनिटांचा. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. फरक झाला २२ किलोमीटर. नकाशा उघडा: बोट जयगडसमोर आहे आणि शोध गुहागरसमोर चाललाय! म्हणून जागा तोंडी सांगताना ‘अंश’, ‘मिनिटं’, ‘दशांश चिन्ह’ हे शब्द उच्चारायचेच, आणि ऐकणाऱ्याने परत म्हणून दाखवायचं. समुद्रातून तटरक्षक दलाचा १५५४ किंवा डोंगरातून ११२ लावला, तरी हे लागणारच.

ट्रेकला जाणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी एक गोष्ट. परदेशातले व्हिडिओ बघून उपग्रहावरून संदेश पाठवणारी छोटी यंत्रं मागवायचा मोह होतो. भारतात उपग्रह फोन आणि अशी संदेश-यंत्रं दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. अशा यंत्रांमुळे परदेशी पर्यटकांवर गोव्याच्या विमानतळावर कारवाई झाल्याच्या बातम्याही आल्यात. नातेवाइकाने अमेरिकेहून भेट आणली तरी नियम तोच. सह्याद्रीत त्यापेक्षा साधी सोय उपयोगी पडते: कोणत्या वाटेने जाणार, किती वाजेपर्यंत परतणार, हे कागदावर लिहून पायथ्याच्या गावात एकाकडे आणि घरी एकाकडे ठेवा. ठरल्या वेळेनंतर किती तास थांबून कोणाला फोन करायचा, तेही त्यावर लिहा.

मुलं शेवटी हमखास विचारतात, "सर, चुकून बटण दाबलं गेलं तर?" बीकनचे बहुतेक इशारे चुकूनच गेलेले असतात, हे त्यांना खरं खरं सांगा. गुपचूप बंद करून बसायचं नाही. लगेच शोध-बचाव केंद्राला कळवायचं की आम्ही सुखरूप आहोत, नाहीतर तिकडे कोणाची तरी बोट किंवा हेलिकॉप्टर आपल्यासाठी निघालेलं असतं.