खिडकीतून मोजलेले मासे

शास्त्रवाचन : अनुवाद 22:6-7



मागील सप्टेंबरात मी मुलाकडे अमेरिकेत पोर्टलंड येथे होतो. त्याला सॅमन मासे धरण्याची हौस आहे. समुद्रातून अंडी घालायला परतणाऱ्या या माशांसाठी कोलंबिया नदीवरील बॉनव्हिल धरणात पायऱ्या बांधल्या आहेत. तेथे खिडकीतून पाहून मासे मोजतात. 1938 पासून ही नोंद चालू आहे, आणि रोजचा आकडा कोणालाही पाहता येतो.

एके दिवशी मोठा आकडा पाहून आम्ही दुसऱ्याच सकाळी वरच्या डॅल्स धरणाजवळ गेलो. सायंकाळपर्यंत एकही मासा लागला नाही. वाटेत एक आदिवासी आजोबा मासे विकत होते. ते म्हणाले, "एका दिवसाच्या आकड्यावर निघू नका. चार-पाच दिवस आकडा चढतो की उतरतो ते बघा, आणि दहा वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहा. बॉनव्हिलहून इथे 75 किलोमीटर यायला माशाला दोन-तीन दिवस लागतात. आणि मासेमारी खुली आहे ना, ते निघायच्या दिवशीच पाहा. मासे कमी आले तर हंगाम मध्येच बंद होतो."

या नदीकाठच्या याकामा, वॉर्म स्प्रिंग्ज, उमाटिला व नेझ पर्स या जमातींनी 1855 च्या करारांत बरीचशी जमीन दिली, पण मासेमारीचा हक्क राखला. 1957 मध्ये डॅल्स धरणाच्या पाण्यात त्यांचा सेलिलो धबधबा बुडाला. पिढ्यान्‌पिढ्या ते तेथे मासे धरीत होते. आमच्यासाठी तो आकडा सहलीपुरता होता, त्यांच्यासाठी तो उद्याच्या अन्नाचा हिशेब आहे. अंडी घालायला किती मासे वर गेले पाहिजेत हे आधी ठरते, माणसांचा वाटा त्यानंतर.

आजच्या शास्त्रभागात देव पिले घेण्यास मना करीत नाही, पण आईला सोडून द्यावयास सांगतो. परवानगी व मर्यादा एकाच आज्ञेत आहेत. आपणही आदिवासी पाड्यांवर आकडे घेऊन जातो : किती कुटुंबे, किती मुले. पण तेथील नदी व रान ओळखणाऱ्यांना आधी विचारतो का? मी पुष्कळदा विचारले नाही, हे कबूल करतो.

मननासाठी
1. मी घेताना कोणाचा वाटा राखून ठेवतो?
2. ज्यांची सेवा करतो, त्यांच्याकडून मी शेवटचे काय शिकलो?

प्रार्थना : हे प्रभू, मोजताना आम्हांला मर्यादा शिकव, आणि बोलण्याआधी ऐकावयास लाव. आमेन.